नाकावरचा टॉवेल

आमच्या गल्लीतले ते फुशारक्या मारणारे अण्णा आठवतात का रे? बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पहाटे मैदानावर पळायला जायचो. गार हवेनं मला धाप लागायची, म्हणून मी नाकातोंडावर टॉवेल बांधायचो. अण्णा सगळ्यांसमोर हिणवायचे, "नवी नवरी हाईस व्हय रे? तोंड उघडं टाकून पळ की!"

एकदा पळता पळता तेच मटकन खाली बसले. श्वास घेता येईना, छातीतनं शिट्टी वाजायला लागली. मी माझा टॉवेल त्यांच्या तोंडावर बांधला आणि हाताला धरून हळूहळू घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी महाशय मैदानावर माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना शिकवत होते, "थंडीत नाक झाकून पळायचं. न्हायतर ह्याच्यासारखी लई धाप लागती!"

आणि त्यांच्या नाकावर टॉवेल माझाच!