एक्सबॉक्सवाल्याची सोयरीक

— मंग सरळच इचारा ना काकाजी, लाजता कायले? अर्ध्या घंट्यापासून पानठेल्यावर उभं राहून समोरच्या दुकानाकडं पाहून राहिले तुमी, तवाच समजलो मी — हे पाहुणे अंकुशची चौकशी कराले आले. कोंढ्याचे म्हनता? पुतनीसाठी? चांगलं आहे. बसा. नाई, त्या खुर्चीवर नोका बसू, तिचा पाय पोट्ट्याईनं हरल्याच्या रागात तोडला — इकडं बसा. अन् चौकशीले आले कोठी, तं दुश्मनाच्या दुकानात! डोकं चालवलं तुमी. सोयरेधायरे गोड बोलतेत, दुश्मन खरं बोलते. साऱ्या साकोलीले मालूम आहे — टीव्हीवर गेम खेळाच्या दोन मशिनी, भुपेंद्रचं म्हंजे माहं प्लेस्टेशन अन् अंकुशचा एक्सबॉक्स, मधात बारा हाताची गल्ली. पन मी कोनाबद्दल खराब बोलत नाई, माही तशी आदतच नाई. पोरगा मूर्ख आहे, येवढंच सांगतो.

मूर्ख काहून? अहो, सारी दुनिया प्लेस्टेशन घेऊन राहिली तवा यानं एक्सबॉक्स आनला! त्याचं हँडल पाहा कधी — हातात पपई धरल्यावानी. त्या दोन कंपन्या, एक जपानची, एक अमेरिकेची, तिकडं लढून राहिल्या. त्याईले साकोली कोठी आहे थे बी मालूम नाई, पन लढाई इथं, या गल्लीत! भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटला त्याले दहा वर्सं झाली ना? तवा बी लोक इतके भांडले नसतीन जितके आमचे पोट्टे भांडतेत. शाळेत एका बाकावर बसत नाई! अन् आमी दोघं? त्यानं कूलर लावला का मी बी लावला. मी परदे लावले का त्यानं बी लावले. त्यानं चौदा एप्रिलची स्पर्धा ठेवली — मी तेरालेच ठेवून टाकली. हसू नोका. धंदा आहे.

स्वभाव म्हनता? आता स्वभाव... त्या तेरा तारखेचंच सांगतो. फायनल चालू, पन्नास पोट्टे आत, अन् लाइट गेली. पोट्टे खुर्च्या तोडाले उठले. तं हा समोरून आला, आपल्या इन्व्हर्टरची वायर गल्लीवरून फेकली, माह्या बोर्डात खोसली अन् म्हनते कसा — भुपेंद्रभाऊ, झाला का तुमचा डब्बा चालू? डब्बा म्हनला! त्याच्या लाइटवर माही फायनल झाली, अन् मी काय म्हटलं त्याले? म्हटलं, वायर पातळ आहे तुही.

आता हे त्याले नोका सांगू, पन मागच्या साली त्याले टायफाइड झाला तवा पंधरा दिवस शटर बंद. मी खूश! म्हटलं आता सारे पोट्टे माहेच. कायचे माहे? दोन दिवस आले, मंग एक बी नाई. तिकडं हरलेला इकडं येते, इकडं हरलेला तिकडं जाते — तिकडंच बंद तं येनार कोन? मी एकटाच त्या शटरकडं पाहत बसो. जेवन जाये ना मले. मंग दवाखान्यात जेवनाचा डब्बा घेऊन जाओ रोज, त्याच्या खाटेजवळ बसून एक्सबॉक्सले शिव्या देओ. तो तापात बी उलटून शिव्या दे, तवा कोठी बरं वाटे. आमची मंदा म्हने, तुमी माह्यासंग काहून लगन केलं, अंकुशसंगच करा लागत होतं. — तं सोनं आहे पोरगा, काकाजी. डोळे झाकून पोरगी द्या. तुमच्या पुतनीले बी खेळू देईन तो, सोता तं एक नंबर खेळते. मी लग्नात पंगत वाढाले उभा राहीन, पाहा तुमी.

काय म्हनता? दुकान बंद? लगन झालं का भंडाऱ्याले ऑफिसात नोकरी? एक्सबॉक्स इकून टाकनार? — अन् तो तयार आहे? त्याच्याच तोंडानं म्हनला?... मले नाई सांगतलं त्यानं.

बरं. थांबा, उठू नोका. एक गोष्ट सांगाची राहिली. तो दारू पेते. हो, रोज. लय पेते. कोनासंग म्हंजे? माह्यासंग! मी बी पेतो, दुकान बंद झालं का दोघं बसतो इथंच. मंदाले इचारा — नाई, मंदाले नोका इचारू. वास? वास येनारी आमी पेत नाई. — हसता कायले? मी मस्करी करून राहिलो का? डोळे? डोळ्यात धूळ गेली, हायवेची धूळ आहे इथं, दिसत नाई तुमाले? जा आता. पोट्ट्याईचा टाइम झाला. अन् त्याच्या दुकानासमोरून नोका जाऊ — तिकून, मागच्या गल्लीतून जा.