चुकीचा पर्याय

रेनिटा : नको बाई, कॉफी नको. रात्रभर बसमध्ये बसून आर्कान्साहून आलेय ते एवढंच विचारायला. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेतला तो प्रश्न तुम्हीच काढलात ना?

व्हिटफील्डबाई : परीक्षेबद्दल मला बोलता येत नाही, रेनिटा. परीक्षा घेणाऱ्या कंपनीला तसं लिहून दिलंय.

रेनिटा : मग मीच बोलते. सत्ताविसावा प्रश्न. 'पंख्याखाली निजलेल्या आजीचा मृत्यू अमुक आहे, असं डॉक्टर दारातूनच म्हणाले.' अमुकच्या जागी शब्द निवडा. ब पर्याय, एमिनंट.

व्हिटफील्डबाई : इमिनंट-एमिनंटच्या जोडीत बरीच मुलं फसतात.

रेनिटा : आठवीत, तुमच्या वर्गात, मी फसले होते. माझ्या वहीत. पंखा आमचा होता, बाई.

व्हिटफील्डबाई : मी समजावलं होतं तुला. इमिनंट म्हणजे येऊन ठेपलेला. एमिनंट म्हणजे थोर, नामवंत.

रेनिटा : 'दिसायला बहिणी, वागायला परक्या.' आहे लक्षात. अख्खा वर्ग हसला, रेनिटाची आजी मरणात नाव काढणार म्हणून. तुम्ही नव्हता हसलात. आमच्या वह्या घरी नेल्यात त्या परत आल्याच नाहीत. मला वाटलं, आवडल्या म्हणून ठेवल्यात.

व्हिटफील्डबाई : मनाने रचलेल्या चुकांना कोणी भुलत नाही. मुलांच्या खऱ्या चुका लागतात. प्रश्न आधी चाचणीत घालून पाहिला, तेव्हा शंभरातली एकेचाळीस मुलं तुझ्या पर्यायावर गेली. इतका चालणारा चुकीचा पर्याय क्वचित मिळतो.

रेनिटा : त्यात आपल्या शाळेसारख्या शाळांतली किती?

व्हिटफील्डबाई : बरीचशी.

रेनिटा : मी नाही गेले. मी बरोबर खूण केली.

व्हिटफील्डबाई : मग अडलं कुठे?

रेनिटा : पुढचे अकरा प्रश्न वाचलेच नाहीत. नुसती कागदाकडे बघत बसले. चार गुणांनी नर्सिंग गेलं. तिसरी खेप होती, चौथ्यांदा बसू देत नाहीत. वाक्य माझं होतं, एवढं लिहून द्या. कदाचित ऐकतील.

व्हिटफील्डबाई : असं पत्र दिलं तर प्रश्न बाद होईल. आणि मीही.

रेनिटा : म्हणजे नाही.

व्हिटफील्डबाई : तू आजीचं नाव लिहिलं होतंस त्यात. ते मी काढलं होतं गं.

रेनिटा : माझ्यासाठी?

व्हिटफील्डबाई : वाक्य लांब होत होतं.

रेनिटा : कॉरा मे. एवढंच होतं नाव.