कोंबडी कुठं निजवायची

मका दळायला गावच्या गिरणीपुढे सकाळीच रांग लागली होती. गिरणीवाल्या हिलारियाचे हात यंत्रावर होते, पण कान पुढच्या दोघींकडे होते, पास्कुआला आणि तिची वहिनी कातारिना.

"स्पॅनिश शिकायला त्या परदेशी पोरीला तूच सापडलीस होय? तू तर नवऱ्याशी भांडतेससुद्धा आपल्या माम भाषेत," कातारिना म्हणाली.

"स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळेनेच आणून ठेवलीय घरी. माणसांत राहिली की जीभ वळेल म्हणतात."

"वळली?"

"एका शब्दापुरती. काहीही विचारा, 'हो' म्हणते. अजून टोर्टिया वाढू? हो. पोट भरलं? हो. काल म्हटलं, कोंबडी निजवू का तुझ्या खोलीत? हो."

"निजवलीस?"

"निजवली. पाहुणीचा शब्द कसा मोडायचा?"

"आणि ती?"

"सकाळी अंडं आणून माझ्या हातावर ठेवलं."

"हसतेस काय, पास्कुआला? राजधानीत धुणीभांडी करायला गेलीस, तेव्हा तू तरी काय बोलत होतीस?"

"मीही हो म्हणायचे. मालकिणीने विचारलं, फुलदाणी तू फोडलीस? हो."

"फोडली होतीस?"

"फुलदाणी कशाला म्हणतात तेच ठाऊक नव्हतं. सहा रविवार सुट्टी मिळाली नाही."

हिलारियाने पास्कुआलाचं घमेलं पुढं ओढलं आणि विचारलं,

"मग आज कोंबडी कुठं?"

"खुराड्यात. आज पोरीला 'नाही' म्हणायला शिकवते. ताटावर हात आडवा धरून."

"तुझ्या टोर्टिया उरतील मग," कातारिना म्हणाली.

"उरू देत, वहिनी."