झिणझिण

…नाही, जरा इकडे तोंड करून बोला भाऊ. ओरडू नका, ओरडलं की ओठ वाकडे होतात, मग काहीच समजत नाही. हां, असं. बसा की, बाकडं काय माझ्या एकट्याचं आहे? मराठीच ना तुम्ही? मघाशी फोनवर होतात तेव्हाच ओळखलं — गुजराती माणूस 'हा' म्हणतो, तोंड उघडं राहतं; आपल्या 'हो'ला ओठ गोल होतात. कुठले — जालना? बरोबर ना? मी चिंधा. शिरपूरकडचा, पण आता सुरतचाच म्हणायचं, इथं गोडादऱ्यात खोली आहे. जरा कमी ऐकू येतं मला, एवढंच. जन्म सगळा कापड विणायच्या लूमवर गेला ना, इथल्याच बमरोलीला.

तिथं बोलायची सोयच नव्हती. एवढी खटखट, की शेजारचा कानात बोंबलला तरी कळायचं नाही. मग काय करायचं? हातानं बोलायचं, तोंडं वाचायची. आणि लूमच्या लोखंडावर हात ठेवायचा — आडवा धागा नेणारा धोटा नीट पळतोय की अडकतोय, ते आधी बोटांना समजतं, डोळ्यांना मागाहून. हसू नका, खरं सांगतो. साप कुठं कानानं ऐकतो? अंग जमिनीला टेकलेलं असतं, पाय वाजला की सरकला. आणि ह्या मुंग्या बघा, तुमच्या चपलेजवळ — एकमेकींना भेटल्या की मिशीला मिशी लावतात, झालं बोलणं. ज्याला जे दिलं त्याच्यावर तो भागवतो. मी पण भागवतो.

घरी कधी अडलंच नाही. योगिताची माय होती ना — योगिता माझी पोरगी, एकुलती एक, साक्रीकडे दिली आहे. तिचा फोन आला की माय ऐकायची आणि माझ्याकडे तोंड करून सांगायची, जेवली म्हणे, पाऊस झाला म्हणे, पोरगं चालायला लागलं म्हणे. मी हसायचो. पोरीला वाटायचं, आप्पाला थोडंफार येतं ऐकू. मागच्या दिवाळीच्या आधी माय गेली. आता पोरीला कुठं सांगत बसू, की बापाला काहीच — म्हणजे, कमी येतं? ती तिकडे जीव जाळत बसेल. मग मी एक युक्ती काढली.

स्पीकर लावायचा आणि फोनच्या पाठीवर बोटं ठेवायची. ती बोलायला लागली की बोटांना बारीक झिणझिण लागते. थांबली की आपण बोलायचं. 'जेवलीस का?' — झिणझिण — 'चांगलं.' 'पोरगं कसं आहे?' — झिणझिण — 'चांगलं, चांगलं.' लेकीबाळी दुसरं काय बोलणार? मायशी जे बोलायची तेच. आजवर चुकलो नाही मी. खोलीत नाही लावत, पत्र्यापलीकडे शोभाबाई राहते, पोरीच्या घरातल्या गोष्टी चार घरी कशाला — म्हणून इथं येतो, बागेच्या ह्या कोपऱ्यात. हल्ली बोलते पण खूप. पहिल्यापेक्षा जास्त. झिणझिण संपतच नाही, मला बरं वाटतं, म्हटलं मायची कसर भरून काढते माझ्याशी —

थांबा. आला. खिशात थरथरला बघा. नाही, उठू नका, तुम्ही परके, तुमच्यासमोर काय लाजायचं. हां, योगिता. बोल बेटा. जेवलीस का? … चांगलं, चांगलं. पोरगं कसं आहे? … बरं. बरं. असंच राहायचं बघ. … हो हो, चांगलं केलंस. … बघितलं भाऊ, कसं पोटभर बोलते ती? … मजेत राहा बेटा, मी पण —

काय झालं भाऊ?

तुमचं तोंड का उतरलं? लूमवर धागा तुटला की कारागिराचं तोंड असं होतं. तुम्ही ऐकलं. काय म्हणत होती? इकडे बघून सांगा. सावकाश. … ले… वाले… 'लेवाले या'? ते आमच्याकडचं अहिराणी बोलणं आहे, घ्यायला या. आखाजीचं म्हणत असेल हो, अक्षय्य तृतीयेचं, आमच्यात आखाजीला लेकीला माहेरी आणतात — यंदा माय नाही म्हणून नाही आणली मी. … आखाजीचं नाही? मग? हातानं दाखवा, हातानं. …

मारतो.

कोण? रामदास? जावई माझा? … आजच नाही. कधीपासून? … दर फोनला सांगते म्हणाली. दर फोनला, आप्पा, माले लेवाले या. आणि मी 'चांगलं केलंस' म्हणायचो. हसायचोसुद्धा भाऊ, तिला हसू ऐकू जावं म्हणून मोठ्यानं हसायचो. ती रडत असेल तेव्हा पण झिणझिण तशीच लागते हो, बोटांना फरक कळत नाही. त्या शोभाबाईनं ऐकलं असतं एकदा तरी बरं झालं असतं.

आहे का फोनवर अजून? ठेवला? ठेवताना काय बोलली? … परत सांगा. … 'आता नही सांगाव तुम्हले.' आता नाही सांगणार म्हणाली.

लावा. तुम्ही लावा परत, तिनं उचलला ते मला कळायचं नाही. उचलला की नुसती मान हलवा. … अजून नाही? परत लावा. … परत. भाऊ, थांबू नका. …

हलवली ना मान? द्या इकडे.

योगिता. तू बोलू नको, ऐक फक्त. माले ऐकू येत नही बेटा. थोडं बी नही. कव्हयपासूनच नही. तू सांगे ते एक बी माले ऐकू उनं नही. तू घराबाहेर निंघ, पोरगाले घे, फाट्यावर उभी राह्य. मी येस. आत्ते निंघस.

… झिणझिण लागतेय बोटांना. भाऊ, ती काय म्हणते?

भाऊ?