अर्धी दाढी

हलू नका अण्णाराव, तुमचं खताचं दुकान न्हाई हे, वस्तरा हाय! हसू मला येऊन राहिलं अन् हलता तुम्ही — काय करू, आज जीव नुसता उड्या मारून राहिलाय. ते मोबाईलातलं ॲप हाय न्हाई का — पोरांनी लिहायचं, जीव घाबरतो, अभ्यासात मन लागत न्हाई, की मग समुपदेशक ताई फोन करतात — तर पहिला फोन आला तो मलाच! 'झोप लागते का? परीक्षेची धास्ती वाटते का?' मी म्हणलं, ताई, मी भुजंग, नायगावात माझं सलून हाय, परीक्षा चौथीतच संपली — पण झोपंचं विचारलंच हाय तर ऐका! घटकाभर बोललो की! त्या बी हसल्या, मी बी. मग कळलं — घरी फोन उचलतो बाप, म्हणून गावातली समदी पोरं माझाच नंबर देऊन राहिलीत!

आता रीतच पडली. फोन आला की गिऱ्हाईक बाहेर, पडदा ओढायचा, पोरगं ह्या खुर्चीत, मी पायरीवर. ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं गाणं म्हणतो. न्हाई ऐकत हो! ... बरं, थोडं पडतं कानावर. काल एक पोरगं पडद्याआड हसलं — हसलं हो! लातूरच्या क्लासवरून परत आल्यापासून झोप न्हाई, जेवण न्हाई, बाप म्हणतो आळशी झालाय — ते हसलं! मी पायरीवर नाचलो, रस्त्यावरची माणसं बघत राहिली. ताई म्हणल्या, येळेवर बोललास, आता नांदेडच्या डॉक्टरांना दाखवू, वडलांना संगं आण. तिथंच गाडं अडलं. 'भुजंगकाका, अप्पांना कसं सांगू?' म्हणतो. मी म्हणलं, येड्या, खताच्या दुकानात कितीबी वरडू दे, माझ्या वस्तऱ्याखाली तुझे अप्पा गपच बसतात—

नाव न्हाई घेतलं मी. घेतलं का?

हलू नका, अण्णाराव. डोळ्यात साबण गेला का? घ्या, पुसा. पुसा सावकाश. आळशी न्हाई हो तुमचं पोरगं. थकलंय.

वाजला बघा फोन. अन् हा तुमचा लेक दारातच हुबा हाय. ये शिवकुमार, आत ये, घाबरू नको. अण्णाराव, राहू द्या अर्धी दाढी. उठा, खुर्ची त्याला लागती. या, पायरीवर जागा हाय — अन् गाणं मोठ्यानं म्हणायचं, बरं का.