माल्सुनचा शनिवार

हेनाम गावातल्या हाडांच्या दवाखान्यात ह्येरान नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या, आणि तिच्या हातातलं मासिक नुसतंच उघडं राहिलं.

“अकरा वर्षं, ताई. दर शनिवारी माल्सुन माझ्या दारात हजर. ‘उद्या चर्चला चल.’”

“हाकलायचंस की.”

“कुत्रा सोडला अंगावर. तिनं त्याला सुकी मासळी घातली. मग दर रविवारी कुत्राच तिच्यामागे चर्चला जायला लागला.”

“अगं बाई.”

“त्याला आणायला नवरा गेला, तो भजनं ऐकत बसला. नवऱ्याला आणायला मी गेले.”

“आणि तूही बसलीस.”

“बसले. मग सुना आल्या, जावा आल्या, अर्धी गल्ली आली. आता माल्सुन अंथरुणाला खिळलीय. परवा आम्ही चाळीस जण तिच्या घरी प्रार्थनेला जमलो. वाटलं, बघून रडेल बिचारी.”

“नाही रडली?”

“सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, ‘बाजारातला न्हावी दिसत नाही.’”

“अगं, तो माझा नवरा.”

“ठाऊक आहे, ताई. म्हणून तर तपासणी होऊन तास झाला, तरी इथंच बसलेय.”