बऱ्या दिवसाची गोळी

(सावलीजवळचं एक गाव, १९५६. दुपारची पडवी. मलेरियाच्या दवाखान्यातला पत्रू, सुगंधाबाई आणि तिची सून वच्छला.)

पत्रू: दहा गोळ्या देल्ल्या होत्या, रोजची एक. आज सहावा दिवस. मंग पुडीत सात कशा?

सुगंधाबाई: बारीच्या दिवशी देल्ली ना तिले. दिवसाआड ताप येते. तीन बाऱ्या आल्या, तीन गोळ्या गेल्या.

पत्रू: अन् मधल्या दिवशी?

सुगंधाबाई: मधल्या दिवशी ती बरी राह्यते. बऱ्या मानसाले औषध देल्लं का ताप वापस येते, मले काऊन बलावलं म्हनून. आमच्यात नाई देत.

वच्छला: बऱ्या दिवशी कामाले बरी, बारीच्या दिवशी गोळीले बरी. असं आहे, पत्रूभाऊ.

सुगंधाबाई: तोंड चालून राह्यलं म्हंजे आज ताप नाई.

पत्रू: काल हिचं रक्त काचेवर घेतलं होतं. आज दुर्बिनीत पाह्यलं. जंतू होते तसेच आहे. बाई, पाचवा महिना आहे हिले. डॉक्टरसाहेबानं सांगतलं होतं ना, असाच ताप येत राह्यला तर लेकरू राहाचं नाई.

सुगंधाबाई: मंग तुही गोळीच खोटी.

पत्रू: गोळी खोटी नाई. पन ती जंतूले काठीनं नाई मारत.

सुगंधाबाई: मंग काय, हात जोडते त्याले?

पत्रू: वाढू नाई देत. काचेवर रंग टाकला का जंतूच्या पोटात एक लाल ठिपका दिसते. थेच त्याचं बी. त्या एकाचे दोन होते, दोनाचे चार, असे पंधरा-सोळा. मंग रक्तातला कन फोडून सगळे भाईर. तवा थंडी वाजते.

वच्छला: म्हंजे मी गोधडीत जातो तवा थे सगळे निघून गेलेले.

पत्रू: हो. अन् बी बनते त्याच्या आधी. बऱ्या दिवशी, तू शेन काढून राह्यली असते तवा. ज्या मालाचं बी बनते त्याले सायबाच्या पुस्तकात न्यूक्लिक ॲसिड म्हनते. गोळी थो मालच बनू नाई देत. म्या डिक्शनरी घेऊन वाचलं. अर्धं समजलं.

सुगंधाबाई: अन् अर्धं समजलेला मानूस मले शिकवून राह्यला.

पत्रू: तुमाले तर पुरं समजते. वाफ्यात धानाचे परेच नाई टाकले तर बांधीत रोवनी कायची करान?

सुगंधाबाई: कायची करतो. बांधीत पानी पाहात बसतो.

पत्रू: मंग. गोळी म्हंजे परे टाकू न देनं. तुमी रोवनी झाल्यावर अडवाले गेल्या. तिन्ही खेपेले.

सुगंधाबाई: आदल्या दिवसाची गोळी आंगात नाई राह्यत का?

पत्रू: राह्यते थोडी. पुरत नाई. म्हनून रोज.

वच्छला: आजपासून घेतली तर?

पत्रू: एक-दोन बाऱ्या अजून येतीन. मंग थांबाले पाह्यजे. नाई थांबली तर चांद्याच्या दवाखान्यात न्या. खात्री मी नाई देत.

वच्छला: पारसालचं लेकरू तिसऱ्या महिन्यात गेलं. तवा बी बारीचाच ताप होता.

सुगंधाबाई: तवा बी गोळ्या होत्या. म्याच देल्ल्या. बाऱ्या पाहून-पाहून.

पत्रू: हो.

सुगंधाबाई: नुसतं हो नको म्हनू. त्याच्यानंच गेलं का?

पत्रू: मले मालूम नाई, बाई. गेलं असन. नसन बी.

सुगंधाबाई: वच्छला, पानी घे.

वच्छला: आज बारी नाई, आत्याबाई.

सुगंधाबाई: दिसते मले. घे. अन् पुडी तूच ठेव आता. मी मांगितली तरी देऊ नको.